सरफेस एरेटरची पाती बदलायची आहेत: पोलादच ठेवावं की एफआरपीकडे जावं?

एरेटर_पाळी

नमस्कार मंडळी. आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात एरेशन टाकीवर उभ्या शाफ्टचे, कमी वेगाचे सरफेस एरेटर (वरचं पाणी उडवून त्यात ऑक्सिजन मिसळणारी यंत्रं) आहेत. मोटर ३० किलोवॉट, गिअरबॉक्सनंतर मिनिटाला ४० फेरे, इम्पेलरचा, म्हणजे फिरत्या पातेरी चाकाचा, व्यास सव्वादोन मीटरच्या आसपास, आठ पाती. पाती साध्या पोलादाची, वर इपॉक्सीचा लेप.

या वेळी टाकी रिकामी केली तेव्हा पाती नीट बघता आली. पाणी कापणारी कड बोट फिरवलं तर कापेल इतकी पातळ झाली आहे. वेल्डच्या शेजारी लेप सुटलाय आणि त्याखाली खड्डे पडलेत. मागच्या बाजूचा लेप मात्र जवळपास जसाच्या तसा. म्हणजे नुसता गंज नाही, नुसती झीजही नाही, दोन्ही आहे.

एका पुरवठादाराने एफआरपीची, म्हणजे काचतंतू आणि रेझिन (घट्ट होणारी कृत्रिम राळ) यांच्या साहित्याची, पाती सुचवली आहेत. त्याचे दावे असे: वजन पोलादाच्या चौथाई, त्यामुळे गिअरबॉक्सवरचा भार घटेल, गंज कधीच नाही, आणि वर ऑक्सिजनही १५ टक्के जास्त मिळेल. माहितीपत्रकात रेझिन कोणतं याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ज्यांनी अशी पाती चालवली आहेत किंवा बनवली आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

गिअरतेल

गिअरबॉक्सच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण तो आकड्यात तपासता येतो.

३० किलोवॉट आणि ४० फेरे म्हणजे शाफ्टवर साधारण ७,१६० न्यूटन-मीटर टॉर्क. आठ पात्यांत वाटला आणि पाण्याचा दाब मध्यापासून ९० सेंटीमीटरवर लागतो असं धरलं, तर प्रत्येक पात्यावर जवळजवळ १,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतका रेटा. तोही सरासरी. सुरू होताना आणि टाकीत लाटा उठल्या की याहून जास्त.

आता पात्याचं वजन बघा. ४०० बाय ३०० मिमी आणि १० मिमी जाडीचं पोलादी पातं साडेनऊ किलोच्या आत भरतं. म्हणजे पाण्याचा रेटा पात्याच्या वजनाच्या दसपटीहून मोठा आहे. गिअरबॉक्सच्या खालच्या बेअरिंगला मारतो तो हा रेटा, विशेषतः आठही पात्यांवर तो सारखा नसतो तेव्हा शाफ्टला जो बाक येतो तो. पाती हलकी केल्याने बेअरिंगचं आयुष्य फार वाढेल अशी आशा ठेवू नका. उचलताना, बसवताना हलकं पातं बरं पडतं, तो फायदा खरा. अरुंद वॉकवेवर उभं राहून ज्याने पोलादी पातं बोल्टच्या भोकांशी जुळवलंय त्याला तो सांगावा लागणार नाही.

नितळ

ऑक्सिजनबद्दल. ऑक्सिजन विरघळतो तो पाणी किती उडतं, किती बारीक फुटतं आणि टाकीत किती फिरतं यावर. पातं कशाचं बनलंय याचा त्याच्याशी थेट संबंध काहीच नाही. संबंध आहे तो आकाराचा. साच्यात ओतून दुहेरी वळणाचं पातं करता येतं, पोलादी पत्र्यात तसं करणं अवघड आणि खर्चिक. तेव्हा पुरवठादार आकारही बदलत असेल तर त्याच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. आकार तोच ठेवून १५ टक्के म्हणत असेल तर नाही.

शिवाय 'जास्त ऑक्सिजन' हे अर्धवट वाक्य आहे. पातं थोडं खोल बुडवलं की ऑक्सिजन वाढतो, सोबत मोटरही जास्त वीज ओढते. विचारायचं ते दर किलोवॉट-तासाला किती किलो. कमी वेगाच्या सरफेस एरेटरला स्वच्छ पाण्यातल्या चाचणीत साधारण १.२ ते २ किलो मिळतात. ही चाचणी म्हणजे टाकीतल्या पाण्यातला ऑक्सिजन सोडियम सल्फाइट टाकून शून्यावर आणायचा आणि एरेटर चालू करून तो किती वेगाने वर येतो ते मोजायचं. सांडपाण्यात आकडा बदलतो, पण दोन पात्यांची तुलना करायला हीच रीत. बुडवण तीच आणि विजेचं मोजमाप मोटरच्या तारेवर, या दोन अटी घाला. केंद्राच्या विजेपैकी साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त वीज एरेशनलाच जाते, म्हणून इथे कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

आणखी एक. पाती झिजल्यापासून मोटरचा अँपिअर घटलाय का? जुन्या नोंदी काढून बघा. घटला असेल तर कुठलीही नवी, पूर्ण मापाची पाती बसवली तरी ऑक्सिजन वाढलेला दिसणारच. ती वाढ एफआरपीच्या खात्यावर जमा होऊ देऊ नका.

काचतंतू

मी लॅमिनेट, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे थर चढवून केलेलं एफआरपी, बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे मला हे साहित्य आवडतं हे आधीच सांगतो. पण 'वजन चौथाई' हा दावा ऐकला की वाईट वाटतं, कारण असेच दावे पुढे मोडलेल्या पात्यांच्या रूपाने परत येतात.

पोलादाचा ताठपणा, म्हणजे यंग मोड्युलस, २०० गिगापास्कल. हाताने थर चढवून केलेल्या काचतंतूच्या लॅमिनेटचा १० च्या आसपास. वीसपट फरक. त्याच जाडीचं पातं केलं तर वजन खरोखर पाचवा हिस्सा होईल, पण ते वीसपट वाकेल. सपाट पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून पोलादाइतकंच ताठ हवं असेल तर जाडी सुमारे २.७ पट लागते. १० मिमीच्या जागी २७ मिमी. मग वजन येतं पोलादाच्या ५५ टक्के. हा झाला प्रामाणिक आकडा. आत फोमचा गाभा घालून किंवा मागे बरगड्या देऊन तो आणखी खाली आणता येतो, पण तेव्हा ते पोलादी पात्याची नक्कल राहत नाही. नव्याने डिझाइन केलेलं पातं होतं, आणि तसंच ते असायला हवं.

दुसरी गोष्ट थकव्याची. मिनिटाला ४० फेरे म्हणजे वर्षाला २ कोटी १० लाख. पातं दर फेऱ्याला भार घेतं आणि सोडतं. पोलादात ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते थकत नाही असं ढोबळमानाने धरता येतं. (गंजत्या पाण्यात पोलादालाही ही सवलत राहत नाही.) काचतंतूच्या लॅमिनेटला अशी मर्यादाच नाही. सर्वसाधारण ठोकताळा असा की आवर्तनं दहापट झाली की मूळ ताकदीतले सुमारे १० टक्के जातात. या हिशोबाने पहिल्या वर्षाअखेरीस हाताशी ताकद उरते चौथाईच्या जेमतेम वर, आणि २० वर्षांचं आयुष्य मागाल तर आवर्तनं ४२ कोटी. म्हणून ताण फार कमी ठेवावा लागतो. रसायनांच्या एफआरपी टाक्या डिझाइन करताना स्ट्रेन, म्हणजे भाराखाली होणारी लांबीतली वाढ, ०.२ टक्क्याच्या आत ठेवण्याची जुनी पद्धत आहे, कारण त्याच्या पलीकडे रेझिनमध्ये डोळ्यांना न दिसणारे तडे सुरू होतात आणि पाणी त्यांतून आत शिरतं. पात्यासाठी मी त्याहूनही खाली राहीन. पुरवठादाराकडे हा हिशोब मागा. नसेल तर तिथेच थांबा.

पाना१७

एवढा खटाटोप कशाला? ३१६ स्टेनलेसची पाती करा आणि विसरून जा. वाळूच्या झिजेपुढे एफआरपी पोलादाच्या जवळपासही टिकत नाही. वरचं रेझिन घासलं गेलं की तंतू उघडे पडतात, मग पाणी आत.

गिअरतेल

पाना१७, झिजेबद्दल पूर्ण सहमत. स्टेनलेसच्या बाबतीत दोन गोष्टी बघाव्या लागतील. एक म्हणजे पाण्यातलं क्लोराइड. रुळलेला अंदाज असा की ३०४ ला (३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या जाती) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि ३१६ ला १,००० पर्यंत. तेही वेल्डवरचा निळा-तपकिरी डाग आम्लाने नीट काढला असेल तर. तो तसाच राहिला तर खड्डे तिथूनच सुरू होतात.

दुसरी गोष्ट जास्त घातक. यांचा हब, म्हणजे पाती जोडलेला मधला भाग, साध्या पोलादाचा आहे. त्याला स्टेनलेसची मोठी पाती जोडली की स्टेनलेसचं क्षेत्रफळ प्रचंड, आणि हबवरच्या लेपाला जिथे बारीक भोक पडेल तिथलं उघडं पोलाद इवलंसं. गंजाचा सगळा जोर त्या इवल्याशा जागेवर येतो. पाती नवीकोरी राहतील आणि हब पोखरला जाईल. अशा जोडीत लेप स्टेनलेसच्या पात्यांनाही द्यावा लागतो. 'स्टेनलेसला कशाला रंग?' म्हणून नेमकं तेच राहून जातं. एफआरपीच्या पात्यांना हा प्रश्न नाही, तिथे स्टेनलेस असतं फक्त बोल्टांचं.

एरेटर_पाळी

सगळ्यांचे आभार, विचारलेली माहिती देतो. क्लोराइड ६०० च्या आसपास असतं, कोरड्या दिवसांत थोडं चढतं. अँपिअरच्या नोंदी काढल्या. नितळ यांचा अंदाज बरोबर निघाला, पाती नवी होती त्या वेळेपेक्षा आता स्पष्ट कमी आहे. टाकीच्या तळाशी कोपऱ्यांत बारीक वाळू साचलेली होती. ती हातात घेतली तर कचकचीत, धारदार कण.

शेवाळ

मग आधी ग्रिट चेंबर, म्हणजे सुरुवातीला वाळू बसवून काढणारी टाकी, बघा! वाळू एरेशन टाकीपर्यंत येतेय म्हणजे ती तिथे थांबत नाहीये. प्रवाह वाढला की वेग वाढतो आणि कण बसायच्या आत पुढे निघून जातात. पाती सोन्याची केलीत तरी झिजतील, आणि तीच वाळू टाकीची कामाची जागा खाईल.

चिंध्या आणि केसांचंही तेच. पात्याच्या कडेला गुंडाळा बसला की त्या एका बाजूला वजन आणि ओढ वाढते, इम्पेलर हेलकावतो. एफआरपीच्या पात्याची कड जाड आणि गोल केली तर चिंध्या कमी अडकतात, हे मी पाहिलंय.

काचतंतू

शेवाळ यांच्या म्हणण्याला पूर्ण पाठिंबा. वाळू थांबवल्याशिवाय एफआरपीचं पातं बसवू नये असंच मी सांगेन. ती कमी झाल्यावरही पाणी कापणाऱ्या कडेवर पॉलियुरेथेनचा जाड थर, नाहीतर बदलता येईल अशी स्टेनलेसची पट्टी द्यावी. झीज होते ती याच काही सेंटीमीटरांत.

आता रेझिन. 'एफआरपी' एवढंच लिहिलेलं माहितीपत्रक म्हणजे नुसतं 'धातू' लिहिल्यासारखं आहे. सतत पाण्यात राहणाऱ्या भागाला ऑर्थोफ्थॅलिक पॉलिस्टर नको, पाणी त्याच्या एस्टर बंधांना हळूहळू तोडतं. आयसोफ्थॅलिक बरं. व्हिनिल एस्टर सगळ्यांत योग्य, कारण त्यात हे बंध साखळीच्या टोकांनाच असतात. वर रेझिनने समृद्ध असा पातळ थर, त्यात काचेच्या किंवा सिंथेटिक धाग्याचा व्हेल (अगदी पातळ चादर), आणि मग आतले ताकदीचे थर. काच ईसीआर जातीची मागा, साधी ई-काच ताणाखाली आम्लात तडकते. एरेशन टाकीत पीएच उदासीनच्या आसपास असतो हे खरं, पण फरक फार नसेल तर चांगली का घेऊ नये.

मात्र रेझिन उत्तम असूनही पातं फसतं ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं कारण अर्धवट क्युअर, म्हणजे रेझिन पूर्ण पिकून कडक न होणं. दुसरं, भोकं आणि कापलेल्या कडा.

क्युअर तपासायला बारकोलचं उपकरण असतं, एएसटीएम डी २५८३ ही त्याची पद्धत. रेझिनच्या उत्पादकाने दिलेल्या कडकपणाच्या निदान ९० टक्के वाचन यायला हवं, तेही एका जागी नाही, पात्यावर ठिकठिकाणी. उपकरण नसेल तर कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन पृष्ठभागावर थोडा वेळ घासा. अॅसिटोन उडाल्यावर बोटाला चिकट लागलं तर वरचा थर पूर्ण पिकलेला नाही. क्युअर कमी असलेलं पातं पाण्यात गेलं की काही काळाने बारीक फोड दिसू लागतात. फोड टोचला तर आतून आंबूस, उग्र वासाचा, बोटांना तेलकट लागणारा द्रव येतो. रेझिनमधून सुटलेले घटक आत साचतात आणि ऑस्मोसिसने पाणी ओढून घेतात, त्याचा हा पुरावा. कारखान्यातच गरम करून पोस्ट-क्युअर केलं तर हा धोका खूप कमी होतो. मागणीपत्रात तसं लिहून घ्या.

भोकांचं तर विचारू नका. साच्यातून निघालेलं पातं सुरेख असतं, मग जागेवर बोल्ट जुळत नाही म्हणून कुणीतरी ड्रिल चालवतं. कापलेल्या कडेला तंतूंची टोकं उघडी असतात आणि पाणी त्यांच्या बाजूने आत चढतं. भोक वाढवलंच तर आतून रेझिन लावून बंद केल्याशिवाय बोल्ट घालू नये. भोकाचं केंद्र कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या निदान तिप्पट आत हवं. आणि भोकात स्टेनलेसची नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवलेली हवी. रेझिन दाबाखाली हळूहळू दबत जातं, बोल्ट आज आवळला तरी पुढे सैल पडतो. स्लीव्ह असली की आवळण्याचा भार धातूवरून धातूवर जातो. पुढे तपासणीला जाल तेव्हा भोकाभोवती पांढुरकं वलय दिसतंय का बघा. दिसलं तर आतले थर सुटायला लागलेत.

पाना१७

एवढ्या अटी पाळल्या तर माझा विरोध नाही. मग काचेऐवजी कार्बन फायबरच का नको? ताठपणाचा प्रश्नच मिटेल.

गिअरतेल

कार्बन विद्युतवाहक आहे, आणि गॅल्व्हॅनिक क्रमात (एकमेकांना टेकल्यावर कोण आधी गंजतं त्याच्या यादीत) स्टेनलेसच्याही वरच्या, उदात्त टोकाला. क्षारयुक्त पाण्यात साध्या पोलादाला टेकलं की मगाशी स्टेनलेसबद्दल सांगितलेलाच प्रकार, आणखी जोरात. मध्ये काचतंतूचा अखंड थर ठेवून वेगळं करता येतं, पण तो थर एकदा झिजला की संपलं. पात्यासाठी गरज नाही असं माझं स्पष्ट मत.

आडव्या शाफ्टच्या रोटरचं उदाहरण जास्त बोलकं आहे. ऑक्सिडेशन डिच (सांडपाणी गोल फिरवत हवा देणारा लांबट चर) ही पास्फीर यांची कल्पना, १९५४ साली नेदरलँड्समधल्या फोर्सखोटेन इथे ती प्रत्यक्ष चालू झाली. आज अशा डिचमध्ये चकत्यांचे एरेटर सर्रास दिसतात. चकत्या प्लास्टिकच्या, शाफ्ट पोलादाचा. लांब शाफ्टला ताठपणा लागतो तिथे पोलाद, आणि पाण्याशी झटापट करणाऱ्या भागाला न गंजणारं, साच्यात घडणारं साहित्य. तुमच्या एरेटरलाही हाच न्याय लावा. हब आणि हात पोलादाचे, पात्याचा चेहरा एफआरपीचा.

नवी_पाळी

मध्येच विचारते, विषय जवळचा आहे म्हणून. आमच्याकडे तळाला फाइन बबल डिफ्यूझर (बारीक बुडबुड्यांनी हवा सोडणारे) आहेत. हवेच्या उतरत्या नळ्या स्टेनलेसच्या आहेत, त्या एफआरपीच्या करता येतील का?

नितळ

दाबल्यामुळे हवा गरम होते. पाच मीटर खोलीच्या टाकीला ब्लोअरमधून निघणारी हवा ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. म्हणून ब्लोअरपासून पाण्यापर्यंत स्टेनलेस आणि पाण्याखाली थंडावल्यावर पीव्हीसी अशी प्रथा आहे. पीव्हीसी ६० अंशांच्या वर नेऊच नये. व्हिनिल एस्टरची नळी तापमानाला त्याहून वरचढ, पण ते रेझिनही १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणजे उन्हाळ्यातल्या ऐन भाराला हाताशी अंतर थोडंच उरतं. उतरती नळी स्टेनलेसचीच राहू द्या. डिफ्यूझरची बैठक काचतंतू मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनची असते, ती उत्तम चालते. तिथे खरा प्रश्न रबराच्या पडद्याचा. ईपीडीएम या रबरातलं मऊ ठेवणारं तेल सांडपाण्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे निघून जातं आणि पडदा कडक होतो. त्यावर वेगळा धागा काढा, बोलण्यासारखं खूप आहे.

शेवाळ

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एफआरपी जळतं, आणि दाट काळा धूर सोडत जळतं. इम्पेलरच्या वर वेल्डिंग किंवा कटिंग करायचं असेल तर पाती आधी उतरवा किंवा ओल्या गोणपाटाने झाका, आणि पाण्याची नळी हाताशी ठेवा. पाती टाकीतच दुरुस्त करायची असतील तर रेझिनमधल्या स्टायरिनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती रिकाम्या टाकीच्या तळाशी साचते. पंख्याने खालची हवा ओढून बाहेर काढल्याशिवाय आणि हवा तपासल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

तरंगते एरेटर असतील त्यांच्यासाठी आणखी एक. एफआरपीचा तरंगता सांगाडा वीज वाहून नेत नाही, म्हणून मोटरची अर्थिंगची तार स्वतंत्र आणि शाबूत हवी. पोलादी सांगाड्यावरची सवय इथे उपयोगाची नाही.

काचतंतू

शेवाळ, फार महत्त्वाचं लिहिलंत. दुरुस्तीबद्दल एवढंच जोडतो: गाळात राहिलेलं पातं वरून पुसून त्यावर नवा थर चढवला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. आधी धुवायचं, पूर्ण वाळवायचं, सुटलेले थर ग्राइंडरने चांगला भाग लागेपर्यंत काढायचे, आणि कडेला लांब उतार देऊन मगच नवे थर. शक्यतो पातं उतरवून कार्यशाळेत.

एरेटर_पाळी

इथलं वाचून पुरवठादाराला पत्र लिहिलं. रेझिनचं नाव, थरांची रचना, थकव्याचा हिशोब, बारकोलची वाचनं, पोस्ट-क्युअरची नोंद, स्लीव्हसह भोकं आणि कडेवर पॉलियुरेथेन, हे सगळं मागितलं. रेझिन आणि स्लीव्हवर लगेच होकार आला. थकव्याचा हिशोब अजून आलेला नाही, आणि तो आल्याशिवाय मागणी जाणार नाही असं वरिष्ठांनाही पटलं आहे. ऑक्सिजनचा १५ टक्क्यांचा दावा त्यांनी स्वतःहून मागे घेतला.

ठरलं आहे ते असं. आधी ग्रिट चेंबरचं काम. मग एकाच एरेटरला एफआरपीची पाती, शेजारच्याला पुन्हा लेप दिलेलं पोलाद. दोन्ही एकाच टाकीत, बुडवण सारखी. अँपिअर आणि टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन दोन्हीकडे रोज नोंदवणार. पाती बसवताना आणखी काय करून ठेवावं?

काचतंतू

त्याच साच्याच्या वेळी, त्याच रेझिनचे हाताच्या तळव्याएवढे नमुने बनवून मागा. काहींच्या कडा बंद केलेल्या, काहींच्या मुद्दाम उघड्या. प्रत्येकाचं कोरडं वजन आणि बारकोल लिहून ठेवा, आणि स्टेनलेसच्या तारेने टाकीत बुडवून टांगा. दर तपासणीला एकेक काढून पुसायचा, वजन करायचं, बारकोल घ्यायचा. वजन सुरुवातीला थोडं वाढून थांबलं तर ठीक. वाढतच राहिलं किंवा कडकपणा उतरत गेला तर पात्यातही तेच चाललंय असं समजा.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, प्रत्येकाचा आकडा लिहा आणि पहिल्या काही दिवसांच्या चालीनंतर एरेटर थांबवून पुन्हा तपासा. त्याच वेळी नाण्याने प्रत्येक पात्यावर मुळापासून टोकापर्यंत टकटक करत जा. थर घट्ट असतील तिथे टणक आवाज येतो, सुटले असतील तिथे बद्द. जिथे आवाज बदलेल तिथे मार्करने गोल काढून फोटो घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तो गोल वाढला की नाही हे लगेच कळेल. पहिल्या तपासणीचे आकडे इथे नक्की टाका.

एरेटर_पाळी

टाकतो. नमुन्यांची ओळ मागणीपत्रात आत्ताच घातली.